गुरुपादच्या नावापुढचा रकाना

“हे बघा सर, गुरुपाद बसाप्पा हुक्केरी. हेच न्हवं का तुमचं वडील?”

स्नेहल मॅडमनी जाड रजिस्टर शिवलिंगकडे फिरवलं आणि ओळीखाली लाकडी पट्टी ठेवली. पानांच्या कडा इतक्या वाळल्या होत्या, की पट्टी जरा सरकली तरी पिवळा भुगा टेबलावर सांडत होता. शिवलिंगनं चष्मा पुसून घातला. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात चोवीस वर्षं क्लार्क म्हणून काढलेला माणूस तो. रजिस्टर कसं वाचायचं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. शाईला बोट लागू न देता, ओळीच्या वर हवेतच धरून तो एकेक रकाना पुढं सरकत गेला. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात.

जातीच्या रकान्यात एकच शब्द होता. लिंगायत.

वरच्या मुलापुढं ‘लिंगायत वाणी’ होतं, खालच्या दोघांपुढं ‘लिंगायत माळी’. गुरुपादपुढं तो एकटा शब्द, आणि त्याच्यापुढं दीड बोट कोरी जागा.

“तेली कुठाय आप्पा?” त्याच्या खांद्यावरून वाकून बघत सौंदर्यानं विचारलं.

शिवलिंगनं पुन्हा एकदा वाचलं. एका शब्दाला वाचायला किती वेळ लागणार?

गडहिंग्लजच्या पुढच्या या गावी बापलेक सकाळच्या पहिल्या एसटीनं आले होते ते याच एका शब्दासाठी. सौंदर्याला डॉक्टर व्हायचं होतं. बारावीनंतर एक अख्खं वर्ष तिनं त्याच पुस्तकांत घालवलं होतं. मैत्रिणी कॉलेजला जाऊ लागल्या, त्यांची लग्नं ठरली, गल्लीतल्या बायका जाता येता “अजून तीच परीक्षा व्हय?” म्हणून विचारू लागल्या, पण ती हलली नाही. यंदा मार्क पडले. पण खुल्या गटातून सरकारी कॉलेजला, गेल्या सालच्या याद्यांचा अंदाज धरला तर, तीन मार्क कमी पडत होते. तेल्यांच्या राखीव गटातून जागा धरल्यासारखीच होती. खाजगी कॉलेजचं नाव त्या घरात कुणी काढत नव्हतं.

हुक्केरींचा घाणा सगळ्या गावाला ठाऊक होता. पण ठाऊक असणं वेगळं आणि कागद वेगळा, हे क्लार्कला दुसऱ्यानं शिकवायला नको. जात पडताळणीच्या कचेरीतल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं होतं, की सदुसष्ट सालाच्या आधीचा, वडिलांच्या घराण्यातला, जात स्पष्ट लिहिलेला एक पुरावा आणा. आज्जा बसाप्पा सीमेपलीकडून एकटाच इकडं आलेला. तिकडचे कागद इकडं चालत नाहीत. आज्जाला एकच मुलगा, त्या मुलाला एकच मुलगा. म्हणजे पुरावा असलाच तर या शाळेत, चोपन्न सालच्या या पानावर.

खरं म्हणजे हे असं असणार, ही धास्ती शिवलिंगला एसटीत बसल्यापासून होती. त्याचे वडील ती गोष्ट कौतुकानं सांगायचे. मास्तरांनी नाव घालताना विचारलं, लिंगायत खरं, पण त्यात कोण? बसाप्पा घाण्यावरून तसाच तेलकट धोतरानं आला होता. तो म्हणाला, “गळ्यात लिंग बांधल्यावर आनि कसला ‘कोण’ हो मास्तर? तेवढंच लिव्हा.” मास्तर म्हणाले, अरे, सगळे सांगतात. बसाप्पा म्हणाला, “सांगूंदेत की.” लहानपणी सौंदर्याला झोपवताना शिवलिंगनं ही गोष्ट कितीदा सांगितली असेल. शेवटचं ‘सांगूंदेत की’ ती त्याच्याबरोबर म्हणायची. आज येताना मात्र तो मनातल्या मनात हात जोडून विनवत होता, की मास्तरांनी आज्जाचं ऐकलेलं नसू दे.

मास्तरांनी ऐकलं होतं.

स्नेहल मॅडम मुलीकडे बघत होत्या. तिशीतल्या, गावातच राहणाऱ्या, दोन वर्गांना एकट्या शिकवणाऱ्या बाई. सौंदर्याचा चेहरा त्यांनी पाहिला, मग रजिस्टर पाहिलं, आणि खुर्ची मागं सारून त्या उठल्या.

“पोरांची खिचडी वाढायची येळ झाली. मला तिथं उभं ऱ्हावं लागतंय. अर्धा तास जाईल.” दारात त्या थांबल्या. “रजिस्टर असूंदे तुमच्याम्होरं. तुमी बी शाळंच्या हापिसातलंच मानूस. मी आल्यावर जसं असंल तसा उतारा लिहून देते.”

त्या गेल्या. बाहेर ताटं वाजायला लागली, पोरांच्या रांगेतली भांडणं ऐकू येऊ लागली.

सौंदर्यानं पिशवीतून पेन काढून टेबलावर ठेवलं.

“निळं हाय,” शिवलिंग म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच चरकला. कारण तो रागावून बोलला नव्हता. मूळ शाई काळी, उडून तपकिरी झालेली, टाक बोथट, मास्तरांचं अक्षर उजवीकडं झुकतं, ‘त’ची दांडी आखूड, हे सगळं त्यानं कधीच पाहून ठेवलं होतं. टेबलाच्या कडेला दौत आणि टाक होता. पाण्याचे दोन थेंब टाकले तर रंग जुळला असता. मुलीनं मागायच्या आधीच त्याच्या हातानं ते मनात लिहूनही टाकलं होतं.

“मग दौतीतनं लिहा,” सौंदर्या हळू आवाजात म्हणाली. “आप्पा, दोनच अक्षरं हायत.”

“तपासायला येत्यात ती लोकं. मूळ रजिस्टर बघत्यात.”

“तुम्ही लिहिलेलं कळायचं न्हाई कुणाला. मला म्हाईत हाय तुमचं अक्षर. आनि खोटं कुठं लिहायचंय? आपण तेलीच हाय की न्हाई?”

“हाय.”

“घाणा होता की न्हवता?”

“होता.”

“मग?”

शिवलिंगनं टाक उचलला. खरंच उचलला. दौतीचं झाकण काढलं. शाईचा वास आला, आणि त्या वासाबरोबर, नको त्या वेळी, त्याला चिमणाबाई आठवली.

अकरा वर्षं झाली असतील. गारगोटीकडची बाई, हिरवं इरकली लुगडं नेसलेली, त्याच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसली. मुलगा भरतीला उभा राहणार होता. धावण्यात पहिला, छाती भरलेली, सगळं बेस. पण वय तीन आठवड्यांनी जास्त होत होतं. पहिलीत घालताना गुरुजींनी अंदाजानं एक जून टाकून दिला होता, निम्म्या गावाच्या पोरांचा टाकतात तसा. “त्यो दिवाळीच्या पाडव्याला झालाय वो सर, सुईन अजून जित्ती हाय, इचारा जावा,” असं ती सांगत होती. ती खोटं बोलत नव्हती हे शिवलिंगला तेव्हाही कळलं होतं. पण रजिस्टरात लिहिलेलं बदलत नसतं, असं त्यानं तिला सांगितलं. शाळा सुटेपर्यंत ती बसून राहिली. उठताना तिनं शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली. त्यानं तीही परत केली. तेव्हा ती म्हणाली होती, “शेंगा तरी ठेवा की. त्या कुठं खोट्या हायत?”

त्या संध्याकाळी तो अभिमानानं घरी आला होता. महानंदाला, बायकोला, त्यानं सगळं सांगितलं होतं. ती ऐकत ऐकत भाकरी थापत राहिली होती.

“आप्पा, त्या येतील.”

“एक बाई आलती माझ्याकडं,” शिवलिंग म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं. हळूहळू, टाक हातात धरूनच. बाहेर खिचडी संपत आली होती.

सौंदर्यानं दाराकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, “तिच्या पोराचं काय झालं?”

“म्हाईत न्हाई.”

“तुम्ही इचारलं पण न्हाई?”

“न्हाई.”

“म्हणजे तिचं खरं असून तुम्ही न्हाई म्हटला. आनि आता तिला न्हाई म्हटलं म्हणून माझं खरं असून मला पण न्हाई.” तिचे डोळे कोरडे होते. “ही कसली हो वाटणी, आप्पा?”

आज्जाचं नाव घेता आलं असतं, देवाचं घेता आलं असतं. रोज सकाळी अंघोळ करून, विभूती लावून, डाव्या तळहातावर लिंग धरून तो जे काही पुटपुटत होता, ते सगळं त्याला या घटकेला उसनं वाटायला लागलं. त्याला फक्त ती बाई पायरीवर बसलेली दिसत होती. तिच्यासाठी टाक उचलला नाही आणि पोरीसाठी उचलला, तर मग ती चोवीस वर्षं म्हणजे नुसता दगडपणा होता. न उचलावा, तर आजचाही दगडपणाच. दोन्हीकडून तेच.

त्यानं दौतीचं झाकण लावलं.

सौंदर्या बाकावर जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून.

स्नेहल मॅडम आल्या. त्यांनी रजिस्टरकडे एकदा पाहिलं, शिवलिंगकडे पाहिलं आणि उतारा लिहायला घेतला. शिक्का मारताना मात्र त्यांना राहवलं नाही. “सर, रागावू नका. पर पोरीचं नशीब असं रोज रोज टेबलावर येत नसतंय.”

“व्हय,” शिवलिंग म्हणाला.

परतीच्या एसटीत महानंदाचा फोन आला. आज तिचा सोमवारचा उपास, सोळातला बारावा. पोटात पाणीसुद्धा नसेल. “मिळाला का ओ?” तिनं विचारलं. सौंदर्यानं त्याच्या हातातून फोन घेतला. “आई, आज्जाच्या बापानं लिहूच दिलं न्हाई. तू जेव आता. आम्ही येतोय.” आणि फोन त्याच्या मांडीवर ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसली. वडिलांनी काय केलं, किंवा काय केलं नाही, हे तिनं आईला त्या दिवशीही सांगितलं नाही आणि पुढंही कधी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवलिंग पूजेला बसला. त्याला वाटलं होतं, निदान इथं तरी काही मिळेल, छाती हलकी होईल. डोळे मिटून तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. काही आलं नाही. तळहातावर लिंग होतं तसं गार होतं, आणि स्वयंपाकघरात महानंदा दूध उतू जाऊ नये म्हणून उभी होती.

तो उतारा त्यानं कचेरीत दिला. बाईंनी वाचला, दोनदा वाचला, आणि यावर होत नाही हो काका, असं मऊ आवाजात सांगितलं. त्यामुळं फॉर्मवर गट ‘खुला’च राहिला.

पहिली यादी लागली, दुसरी लागली. प्रत्येक वेळी सौंदर्या मोबाईल घेऊन जिन्यात जायची आणि पाच मिनिटांनी येऊन भाजी निवडायला बसायची. तिसऱ्या यादीच्या दिवशी ती जिन्यात गेली नाही. सगळ्यांच्या समोरच बघितलं. खुल्या गटाची शेवटची मुलगी तिच्यापेक्षा दोन मार्कांनी वर होती.

“आणि तेल्यांच्या गटातली?” महानंदानं विचारलं. विचारू नये हे तिला विचारल्यावर कळलं.

“माझ्यापेक्षा अकरा मार्कं खाली,” सौंदर्या म्हणाली.

शिवलिंग म्हणाला, “आणखी एक वर्ष बसूया काय? मी क्लासवाल्यांशी बोलतो.”

“नको, आप्पा.” तिच्या बोलण्यात राग नव्हता; राग असता तर बरं झालं असतं. “अभ्यासाचं काय न्हाई ओ. पण कुठंतरी थांबायला पायजे. बीएस्सीची मुदत सोमवारपर्यंत हाय.”

दुपारी तिनं पुस्तकं बांधली. जीवशास्त्राची दोन, रसायनाची तीन, प्रश्नसंचांचा गठ्ठा. पलीकडच्या पेठेतली पूर्णिमा अकरावीला होती. तिला द्यायचं ठरलं. गठ्ठे एकटीला झेपणार नव्हते, म्हणून तिनं गाडी काढली आणि शिवलिंग पुस्तकं मांडीवर घेऊन मागं बसला.

पूर्णिमाची आई दारातच म्हणाली, “अगं, एवढी नवीच हायत की! तुझं कुठं लागलं मग? मिरज का मुंबई?”

“न्हाई लागलं, काकू.”

“अगं बाई.” ती बाई शिवलिंगकडे बघायला लागली. शिवलिंग चपलेकडे बघायला लागला.

पूर्णिमानं एक पुस्तक उघडलं. समासात बारीक अक्षरात टिपा होत्या, हृदयाच्या चित्राला चार रंग दिलेले होते. “ताई, हे कळंल का मला?”

सौंदर्या उंबऱ्यावर टेकली आणि तिला समजावून सांगू लागली. रक्त इकडून येतं, या झडपेतून खाली उतरतं, मग फुप्फुसात जाऊन शुद्ध होऊन परत येतं. हातवारे करून, दहा मिनिटं. शिवलिंगनं तिला असं सांगताना कधी ऐकलं नव्हतं. तिचा आवाज डॉक्टरीणबाईसारखा होता. पेशंटला घाबरू न देणारा. शेजारची एक म्हातारी काठी टेकत येऊन ऐकत उभी राहिली.

“चला आप्पा,” ती उठली.

येताना मांडीवर पुस्तकं नव्हती. हात कुठं ठेवावेत हे शिवलिंगला कळेना. तिच्या खांद्यावर ठेवावेत असं वाटलं, पण तेवढा हक्क आपला राहिला आहे का, हे ठरेना. म्हणून त्यानं ते गुडघ्यांवर ठेवले. काहीतरी बोलायला हवं होतं. चुकलो म्हणावं, तर तो चुकला होता का हे त्यालाच माहीत नव्हतं. नाही चुकलो म्हणायला तोंड नव्हतं. रस्त्यावर दुपारची वर्दळ होती, पुढं उसाची ट्रॉली संथ चालली होती, आणि सौंदर्या तिच्यामागं गाडी हळू चालवत होती.

एका वळणावर तिनं मान जराशी मागं वळवली.

“आप्पा, पाय वर घ्या. चप्पल घासतीया रस्त्याला.”

शिवलिंगनं पाय वर घेतले.