मंदाबाईंना न सांगितलेलं

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर इलाताईंनी स्कॅनवर बोट ठेवून प्रभाकररावांना सगळं समजावलं. मंदाबाईंच्या उजव्या मूत्रपिंडातली गाठ चरबीची होती, कॅन्सरची नव्हती. पण अशी साधी गाठही क्वचित शिरेत शिरते, आणि ही शिरली होती. तिचं टोक हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत पोचलं होतं.

"तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जिवावर बेतेल. आठ दिवसांत ऑपरेशन करू. मूत्रपिंड आणि शिरेतली गाठ, दोन्ही काढावी लागतील. त्यांनाही सांगा."

मंदाबाई बाहेर बाकावर होत्या. नको तो शब्द कानावर पडू नये म्हणून प्रभाकररावांनीच त्यांना आत येऊ दिलं नव्हतं. धास्तीनं महिनाभर मंदाबाईंना अन्न गोड लागलं नव्हतं.

"कॅन्सर नाई," ते बाहेर येऊन म्हणाले.

मंदाबाई आधी रडल्या, मग हसल्या. "मंग आता काई भेव नाई न?"

"नाई. लहानसं ऑपरेशन आहे."

पुढचं उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. जन्मभर पोरांच्या अर्धवट उत्तरांवर लाल रेघ ओढणारा हा मास्तर बायकोसमोर अर्ध्यावरच थांबला. मुलाला, योगेंद्रलाही त्यांनी तेवढंच सांगितलं.

समुद्रपूरला घरी आल्यावर मंदाबाई म्हणाल्या, "लहानसंच आहे तं घाई काऊन? संक्रांतीचं हळदीकुंकू होऊ द्या."

दवाखान्यातून तीनदा फोन आला. घरी कार्य आहे, असं सांगून प्रभाकररावांनी वेळ मारून नेली. रोज सकाळी ते सांगायचं ठरवत आणि मंदाबाई पोटभर जेवताना दिसल्या की गप्प बसत. फार जीव होता त्यांचा बायकोवर, आणि त्या जिवानंच घात केला.

सतराव्या दिवशी तिळाचे लाडू वळताना मंदाबाईंना धाप लागली. "श्वास पुरून नाई राह्यला," एवढंच त्या बोलल्या. योगेंद्रनं गाडी काढली, पण हिंगणघाटच्या अलीकडेच सगळं संपलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर योगेंद्र म्हणाला, "आईचा हट्ट नडला, बाबा. हळदीकुंकू धरून बसली."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"तिनं हट्ट नाई केला," प्रभाकरराव म्हणाले. "डॉक्टरनं आठच दिवस देल्ते. मी तिले सांगितलंच नाई. ती भेईन म्हणून."



"आई तयार झाली असती," योगेंद्र म्हणाला. "मले तरी सांगाचं होतं."