दहा शिव्यांचा चंद्र

गच्चीवर साठ-सत्तर माणसं मोबाइल वर धरून बसली होती आणि सगळ्यांच्या मोबाइलात एकसारखाच पांढरा फटफटीत डाग उमटला होता. चांदणेबाबांना तेच हवं होतं.

"पाहिलंत?" खुर्चीत रेलून ते म्हणाले. "हा चंद्र नव्हे, तुमचं मन आहे. गढूळ. तासभर मौन धरा. मन निवळेल तसा चंद्र निवळेल, चंद्र निवळेल तसे डोळे निवळतील. चष्मा असो, मोतीबिंदू असो."

शेवटचा शब्द आपल्यासाठीच होता, असं पहिल्या रांगेतल्या एका आईला वाटलं. तिच्या शेजारी तिची मुलगी दातओठ खात बसली होती. मुलीचा फोटो स्टुडिओ होता. आई शिवणकाम करायची, पण सहा महिने झाले, सुईत दोरा ओवायलाही तिला शेजारीण लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, आता थांबू नका. गुरुवारी ऑपरेशन होतं. ते आईने परवा फोन करून रद्द केलं, कारण बाबांकडे तिचा चंद्र स्वच्छ येऊ लागला होता.

"तुला दिसतो का स्वच्छ?" मुलीने विचारलं होतं.

"मला कुठला दिसायला? शेजारीण सांगते ना, खड्डे न् खड्डे दिसतात म्हणून."

आईचे डोळे सुधारल्याचा पुरावा शेजारणीच्या डोळ्यांनी बघायचा, यात मुलीखेरीज घरात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं.

तास संपला. बाबांनी आईचा मोबाइल घेतला, कठड्यावरच्या वाळूच्या पिशवीत नीट रोवला, पडद्यावरच्या चंद्राला अंगठा लावून खाली ओढला. "दहा आकडे मोजून होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. चंद्र लाजतो." मग पडदा लोकांकडे फिरवला. खड्डे, डाग, सगळं होतं. गच्चीभर हरखल्याचा आवाज झाला. आईने डोळे पुसले.

मुलीला आधी हसू आलं आणि मग संताप. हे सगळं ती दुकानात येणाऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला फुकट सांगत असे. ती उठली.

"बाबा, मी मौन धरलं नाही. तासभर मनात तुम्हाला शिव्या देत होते. माझा चंद्र काढू?"

"अश्रद्ध हाताला तो वश होत नाही."

"मग बिघडेलच की. काढू द्या."

लोक हसले, त्यामुळे बाबांना नाही म्हणता येईना. मुलीने आईने बसायला आणलेली चिंध्यांची पिशवी कठड्यावर दाबून बसवली, तिच्यात मोबाइल रोवला, अंगठ्याने उजेड उतरवला, टायमर लावला आणि मोठ्याने मोजायला लागली. "लबाड. भामटा. ढोंगी. लुच्चा…" दहाव्या शिवीला फोटो निघाला. बाबांच्या फोटोत आणि त्यात काडीचा फरक नव्हता.

"मघाशी चंद्र छपरांना टेकला होता," ती म्हणाली. "खालच्या धुरा-धुळीतून तो थरथरतच दिसणार. तासाभरात तो वर आला, तुमच्या मौनाने नाही. हात हलतो, पिशवी हलत नाही. अंधार बघून मोबाइल उजेड वाढवतो, म्हणून चंद्र पांढरा पडतो. उजेड कमी केला की खड्डे दिसतात. असे तीस फोटो काढून एकावर एक जुळवा, याहून स्वच्छ निघेल. त्याला बाबा लागत नाही."

बाबा चंद्राच्या कोपाबद्दल काहीतरी पुटपुटले. पण जाताना वाळूची पिशवी उचलायला विसरले नाहीत.

"म्हणजे माझे डोळे…" आईने विचारलं.

"होते तसेच आहेत, आई. सुधारला तो फोटो."

"दवाखान्यात परत तारीख देतील का गं?" आई म्हणाली.

दिली, दहा दिवसांनंतरची. सगळ्यांचंच एवढ्यावर निभावत नाही. म्हणून चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच म्हणावं: तुम्ही बाजूला व्हा, आम्ही करून बघतो. खरं असेल ते कुणाच्याही हातून होतं, शिव्या देणाऱ्याच्यासुद्धा.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आईने बाबांनी काढलेल्या चंद्राचा, छापून उशीखाली ठेवलेला फोटो मागितला आणि खिडकीपाशी धरला.

"हा तर कडेला पुसट आहे," ती म्हणाली. "याच्यासाठी मी डोळे घालवणार होते." फोटो तिने केराच्या टोपलीत टाकला. "दोरा आण. मी ओवते."