दात नसलेलं तोंड

मित्रांनो, मी एक जुनी, अंगभर भोकं असलेली प्लास्टिकची पेटी आहे. हसू नका! एका इवल्याशा जिवाच्या आणि त्याच्या मरणाच्या मध्ये एक दिवस फक्त मी होते. तीच गोष्ट सांगते.

माझा जन्म पाट्या बनवणाऱ्याच्या दुकानात झाला. दातांच्या दवाखान्याची पाटी कापून झाल्यावर जाड पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा उरला. पाटीवाल्याची बायको त्याच दवाखान्यात मदतनीस. सगळे तिला मावशी म्हणतात. ती म्हणाली, "टाकून काय देता? आमच्या माशांसाठी पेटी करा की." मग त्याने मला जोडलं, अंगाला चाळीस भोकं पाडली (ते आठवलं की अजून थरथरते मी!) आणि वर झाकण बसवलं.

दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी आहे. आत प्रवाळ, दगड आणि मासे. नवा मासा आला की त्याला माझ्यात ठेवून मला टाकीत आत अडकवतात. पाणी सगळ्यांचं एकच, पण कोणी कोणाला हात लावू शकत नाही. आठवडाभर जुने नव्याला बघतात, नवा जुन्यांना. जमलं तर झाकण उघडायचं, नाहीतर मासा परत दुकानात. सुरुवातीला माझं कोण कौतुक! डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायचे.

मग एकदा घाईघाईत त्यांनी एका माशाला तिसऱ्याच दिवशी सोडलं. त्याने चार दिवसांत टाकीतल्या सगळ्या कोळंब्या फस्त केल्या. खापर मात्र फुटलं माझ्यावर. "काही उपयोग नाही या पेटीचा," म्हणत डॉक्टरांनी मला अडगळीत टाकलं. तिथे जबड्यांच्या साच्यांमध्ये मी तीन वर्षं धूळ खात पडले. फार वाईट वाटायचं हो.

शेवटी मावशीनेच मला शोधून, घासूनपुसून पुन्हा टाकीत अडकवलं. या वेळी माझ्यात आला लायनफिश. अंगावर पट्टे, पिसाऱ्यासारखे पंख, पाठीवर विषारी काटे आणि राजासारखी चाल. डॉक्टरांना टाकीत एक तरी शिकारी मासा हवाच होता. पण त्याच टाकीत होता बोटभर. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा, बोटाएवढाच मासा, म्हणून हे नाव. मावशीने त्याला लहानाचा मोठा केला होता. दात काढायला आलेली मुलं रडायला लागली की ती त्यांना त्याच्यासमोर उभं करायची आणि मुलं गप्प व्हायची.

"डॉक्टर, हा आपल्या बोटभरला खाणार नाही ना?" ती रोज विचारायची.

"अहो मावशी, तीस वर्षं तोंडंच बघतोय मी. त्याचे दात बघा, धड दिसत पण नाहीत. चावणार कशाने?"

मला मात्र सगळं दिसत होतं. डॉक्टर चिमट्याने बारीकसा तुकडा पाण्यात सोडायचे आणि लगेच पेशंटकडे वळायचे. पाचव्या दिवशी त्यांची पाठ वळली आणि लायनफिशने जांभई दिली. बाप रे! जबडा पुढे सरकला आणि तोंड पसरत गेलं, पसरतच गेलं. बोटभर शेपटीसकट आत गेला असता. आणि तो वेडा रोज माझ्या भोकांपाशी येऊन पाहुण्याला न्याहाळायचा! सहाव्या दिवशी लायनफिशने आतून झडप घातली. थाड! माझी भिंत हादरली. बोटभर पळाला आणि घटकाभराने पुन्हा हजर. माझा जीव नुसता कासावीस झाला. पण ओरडणार कशी? मला तोंड कुठे आहे?

सातव्या दिवशी दुपारी डॉक्टर बाह्या सरसावून स्टुलावर चढले. बोटभर नेमका माझ्या खाली घुटमळत होता. मावशीने डोळे घट्ट मिटले. झाकण उघडलं. डॉक्टर मला हळूहळू कलती करू लागले. लायनफिश अगदी कडेपर्यंत आला.

"डॉक्टर, थांबा जरा!" बाकावरून आवाज आला. कवळीसाठी आलेले आजोबा होते, मघापासून डॉक्टर-मावशींचं बोलणं ऐकत बसलेले. तोंडाचं पार बोळकं झालेलं. "दात नाहीत म्हणून सोडताय का त्याला?"

"हो ना आजोबा. चावताच येत नाही त्याला."

"मग माझ्याकडे बघा! मला तरी कुठे चावता येतंय? सकाळी अख्खं केळं गिळून आलोय. दात कसले बघताय? तोंड केवढं उघडतं ते बघा!"

डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी मला सरळ केलं. मावशीने धावत जाऊन फ्रिजमधून करंगळीएवढा माशाचा तुकडा आणला आणि चिमट्याने लायनफिशपुढे धरला. पापणी लवायच्या आत तुकडा गायब! चावणं नाही, चघळणं नाही. डॉक्टरांनी झाकण लावलं आणि खाली उतरून मटकन आजोबांशेजारी बसले.

"दात मोजता मोजता तोंडच बघायचं विसरलो की मी," ते म्हणाले. मावशी रडतही होती आणि हसतही होती. माझा जीव भांड्यात पडला.

लायनफिश दुकानात परत गेला. तिथे त्याला मोठ्या माशांच्या टाकीत जागा मिळाली. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? आता डॉक्टर दुकानात आधी माशाला खायला घालायला लावतात, वाकून त्याचं तोंड बघतात आणि मगच दवाखान्यात आणतात. नवा आलेला लाल हॉकफिशही शिकारीच आहे, पण तोंडाने लहान. कोळंबीवर त्याचा डोळा असतो, आणि कोळंबी आमच्याकडे उरलेलीच नाही. तरीही तो माझ्यात पुरते सात दिवस राहिला. आता तो दगडावर बसून असतो आणि बोटभर त्याच्या नाकासमोरून खुशाल फिरतो.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. काम झालं की मला गोड्या पाण्याने धुऊन टाकीशेजारी ठेवा, पुन्हा अडगळीत टाकू नका. आणि माझ्यात कोणी नवा आला की झाकणाला हात लावायची घाई करू नका. मला बोलता येत नाही. माझ्यातून फक्त आरपार दिसतं. तेवढं मात्र बघत जा.