काळी चारची झणझण

पियानोवर मधल्या सप्तकातली काळी चार वाजवली, की सुरामागून एक बारीक झणझण उठायची आणि सूर विझल्यावरही क्षणभर रेंगाळायची. तीही फक्त रविवारी.

इतर दिवशी कॉलेजातून आल्यावर मी तीच पट्टी वाजवून बघायची. सूर स्वच्छ. रविवारी साताऱ्याहून आर्जव यायचा, वाजवायला बसायचा आणि झणझण हजर. आम्ही झाकण काढलं, स्क्रू आवळले, मोबाइलवर कंपनं मोजली. आत काही सापडलं नाही.

"तुझ्या बोटांचा दोष," मी म्हणाले.

"ब्राह्मी, मग फिजिक्स कशाला शिकवतेस? ज्योतिष सांग."

संक्रांतीला त्यानं मला लग्नाचं विचारलं होतं. मी 'सांगते' म्हणाले होते, ते अजून सांगायचंच होतं. बाबा गेल्यानंतर सांगलीतलं हे घर आई आणि मी, दोघींच्या मापाचं झालं होतं. त्यात तिसरं माणूस कसं मावेल, याचा मला अंदाज येत नव्हता. त्यानं पुन्हा विचारलं नाही. रविवारही चुकवला नाही.

आई दारात आली. "आर्जवराव, उठा. आम्हा जैनांत दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, उपाशी झोपाल."

"काकू, आवाज तरी सापडू द्या."

"सापडला की यायचं बंद करताय व्हय?"

तो हसला. मग पट्ट्यांकडे बघत म्हणाला, "बदली आलीय. नागपूर नाहीतर सांगली. उद्या कळवायचंय."

"काळी चार वाजवत राहा," एवढंच मी म्हणाले आणि खोलीतल्या एकेका वस्तूवर तळहात ठेवत गेले. फोटोची काच. घड्याळ. खिडकीची कडी. पियानोशेजारच्या बुटक्या कपाटावर काशाची ताटं एकात एक रचलेली होती. त्यांवर हात ठेवला आणि झणझण थांबली. उचलला, पुन्हा सुरू.

"आई, ही ताटं इथं कशी?"

"पाहुण्यांची हायत ती. रविवारी माळ्यावरनं काढते, यांच्यासाठी. जेवणं झाली की परत वर."

"म्हणजे मीच वाजत होतो," आर्जव म्हणाला.

"मग हलवू का स्वयंपाकघरात?" आईनं विचारलं.

"माळ्यावर ठेव, आणि आता काढू नकोस," मी म्हणाले. "हा आपल्या स्टीलच्या ताटात जेवेल."

"आज?" आर्जवनं विचारलं.

"रोज. सांगली कळव, आर्जव. आपण लग्न करू या."