मधुरानंदांचे राणी-अमृत

श्रावणातल्या भुरभुरीत अर्धे नाशिक छत्र्या उघडून गंगाघाटावर उभे होते. आवाळूवाले, टकलावाले, निपुत्रिक, सगळेच. चौरंगावर मधुरानंद महाराज बसले होते आणि पुढ्यात पांढऱ्या, आंबूस लापशीचे पातेले होते.

"साधी अळी हे राणी-अमृत खाते आणि मधमाश्यांची राणी होते!" महाराज गरजले. "मग साधा माणूस खाईल तर?"

"राजा होईल!" गर्दी ओरडली.

पेन्शनर सावळीराम घाबरले. "महाराज, पुरुषमाणूस चुकून राणी झाला तर?"

"पुरुषांनी उजव्या हाताने खावे."

सावळीरामांनी घाईघाईने हात बदलला.

एवढ्यात डॉक्टर गायधनी गर्दीत शिरले. ते कुसाबाईला शोधत होते. तिची मुलगी मैना हिवतापाने फणफणली होती आणि दवाखान्यात येणे एकाएकी बंद झाले होते. मैना तिच्या मांडीवर कुडकुडत होती.

"कुसाबाई, हिवतापाचे औषध, ते कोयनेल कुठे आहे?"

"गंगेत सोडलं, डाक्टर. म्हाराज म्हनले, अमृतावर कडू चालत नाय."

डॉक्टरांचा चेहरा पडला. परसात मधमाश्या पाळणारे ते गृहस्थ. चौरंगाकडे वळून त्यांनी विचारले, "महाराज, फुले फुलली, पराग आला, की तरुण माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून हा रस पाझरतो. तोही चिमूटभर. या झडीत माझ्या माश्या साखरपाण्यावर कशाबशा तगून आहेत. तुमचे पातेले कसे भरले?"

"माझ्या माश्या हिमालयात आहेत. तिथे बारा महिने फाल्गुन असतो!"

"आणि बर्फ?"

"तोही फाल्गुनातलाच!"

गर्दीने जयजयकार केला. डॉक्टरांनी बॅगेतून टिंक्चर आयोडीनची बाटली काढली आणि वाटीतल्या अमृतावर एक थेंब टाकला. अमृत गडद निळे झाले.

"नीळकंठ प्रकटला!" महाराजांनी प्रसंग झेलला. लोक चिखलात साष्टांग आडवे झाले.

डॉक्टर कुसाबाईकडे वळले. मग म्हणाले, "कुसाबाई, भाकरी आहे का?"

तिने फडके सोडले. भाकरीवर थेंब पडला. तीही काळीनिळी झाली.

आडव्या पडलेल्या सावळीरामांनी मान वर केली. "म्हणजे देव भाकरीतही आहे?"

"भाकरीत पीठ आहे, सावळीरामपंत. पीठ असले की हे औषध निळे होते. माश्यांच्या रसात पीठ नसते. हे आंबट ताकात घोटलेले तांदळाचे पीठ आहे. धोबी कपड्यांना घालतो ती खळ!"

"तरीच!" सावळीराम उठून बसले. "पोट कालपासून ताठ झालंय!"

कोणीतरी हसले आणि मग सारा घाट हसू लागला. कुसाबाई मात्र हसली नाही. ती चौरंगासमोर जाऊन उभी राहिली.

"माझी पोर मेली असती, तर इथंच बसला असतास का रं?"

चौरंग तिथेच टाकून महाराज घाईने पुलाकडे निघाले. कुसाबाईने मैनेला उचलले. "डाक्टर, खरं अमृत असतं तर बरी झाली असती?"

"नाही. ते अळीचे अन्न आहे, हिवतापाचे औषध नव्हे."

कोयनेल पुन्हा सुरू झाले. दिवस कठीण गेले, पण मैना वाचली.

वाचकहो, उद्या तुमच्या दारात कोणी अमृत घेऊन आला, तर ते कुठून आले, कसे झाले आणि या दिवसांत मिळालेच कसे, एवढे मोठ्याने विचारा. प्रश्नाने देव रागावत नाही. रागावलाच, तर तो चौरंगावरचा माणूस असतो.