एकाच भांड्यात

मैदा लोण्यात पडला तसं गुणाबाईंनी उलथनं उचलून नाकाशी धरलं आणि गॅस बारीक केला. राजकन्या शेजारी उभी राहून चीजचे चौकोनी तुकडे किसत होती. मैद्याचा रंग बदलायच्या आत दूध घालायचं, थोडं थोडं, रवी न थांबवता, असं तिनं आईला दोनदा सांगून झालं होतं.

“पिठलंच की गं हे,” गुणाबाई म्हणाल्या. “पांढरं.”

“पिठलं म्हण. पण पाहुण्यांसमोर डिप म्हण.”

“त्यांच्यासमोर मी काहीच म्हणत न्हाई. खाऊ घालते.”

शेषेराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. खाऊ घालते म्हणाली, खाते म्हणाली नाही, हे त्यांनी ऐकलं आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

गेले तीन आठवडे ते बायकोला समजावत होते. राजकन्येला ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो प्रीतम पुण्यात तिच्याच ऑफिसात होता. मूळचा देगलूरचा, वडील नाहीत, आईनं गावातल्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवून त्याला शिकवलेलं. त्याचं आडनाव कळल्यावर शिरूर अनंतपाळच्या भावकीनं फोन उचलणं बंद केलं होतं. मग शेषेरावांनीच थोरल्या भावाला चिठ्ठी पाठवली, की आमच्या घरात असला भेद आम्ही मानत नाही. चिठ्ठी टाकून परत येताना त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं आणि घरी पोचेपर्यंत त्या कौतुकाची लाजही वाटली. औशाच्या कॉलेजात बत्तीस वर्षं ते ग्रंथपाल होते. समतेवरचं दरवर्षीचं भाषण तेच लिहून द्यायचे. व्यासपीठावर जायचा धीर नव्हता, म्हणून वाचायचं दुसऱ्या कुणी.

गुणाबाईंची गोष्ट वेगळी. शेजारणीनं वाटीभर भाजी दिली तरी त्या आधी कुणाच्या घरची ते विचारून घ्यायच्या. शेषेराव समजावत, दाखले देत. त्या मेथी निवडत ऐकून घेत. एकदाच म्हणाल्या होत्या, मी न्हाई म्हणले का? त्यातून काय समजायचं, ते शेषेरावांना कळलं नव्हतं.

म्हणूनच काल राजकन्येनं वाळलेले कपडे घडी घालता घालता जे सांगितलं, त्यानं त्यांची झोप गेली होती.

“हे मधोमध ठेवून एकाच भांड्यातून खायचं असतं, अण्णा. मी मुद्दाम तेच करतेय. प्रीतमच्या आईनं घास बुडवल्यावर आपल्या घरातला हात आखडला, तर त्यांना मी पुन्हा या घरात आणणार न्हाई. आम्ही रजिस्टर लग्न करू. तुम्ही दोघं येऊ नका.”

“अगं, आईला थोडा वेळ...”

“तिला तीस वर्षं वेळच होता.”

पाहुणे बारा वाजता आले. प्रीतम वाकून पाया पडला. त्याची आई साखराबाई बुटकी, सावळी, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. खुर्चीच्या कडेला बसल्या, पण बोलायला लागल्या तशा सैलावल्या. उदगीरच्या स्टँडवर बसमध्ये कुणाची कोंबडी सुटली आणि कंडक्टरनं तिचंही तिकीट मागितलं, हे त्यांनी असं सांगितलं की शेषेरावांना मोठ्यानं हसू आलं. परक्या बाईंसमोर आपण इतके मोकळे हसलो, याचं त्यांना बरं वाटलं.

आत तोवर डिप गार झालं होतं. वर साय धरली होती आणि खाली गुठळ्या. राजकन्या भांडं हातात घेऊन रडवेली दारात उभी राहिली. तिचं तोंड बघून साखराबाई आपणहून आत गेल्या.

“दोनशे पोरांचं शिजवलंय मी, विहीणबाई. घट्ट झालेलं कसं सोडवायचं ते सांगते. दूध कोमट करा, वाटीभर.”

गुणाबाई क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी दूध तापत ठेवलं आणि रवी पुसून साखराबाईंच्या हातात दिली.

दारातून हे बघताना शेषेरावांचे डोळे भरून आले. जिच्या चुलीला परक्याचा हात लागत नव्हता, ती बाई बाजूला सरून उभी होती, आणि दोघी मिळून गुठळ्यांना शिव्या देत होत्या. तीन आठवड्यांचं बोलणं वाया गेलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. ते बाहेर येऊन बसले.

टीपॉयच्या मधोमध गरम पाण्याची परात ठेवून तिच्यात डिपचं पातेलं बसवलं, म्हणजे ते पुन्हा गार होऊ नये. भोवती गाजराच्या कांड्या, काकडी, टोस्ट. गुणाबाईंनी कडक भाकरीचे तुकडेही ठेवले होते. राजकन्येनं गाजर बुडवून, अर्धं खाऊन, तेच पुन्हा बुडवून कसं खायचं ते दाखवलं. प्रीतमनं टोस्ट घेतला. साखराबाईंनी भाकरीचा तुकडा बुडवला, चावला, मान हलवली आणि उरलेला अर्धा पुन्हा बुडवला.

राजकन्या आईकडं बघत होती. प्रीतम आईकडं बघत होता. गुणाबाईंनी पदर सावरला, भाकरी घेतली, पातेल्यात चांगली खोलवर फिरवली आणि खाल्ली.

“मीठ कमी पडलंय,” त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा उचलला.

राजकन्या हसली. त्या हसण्यात हुंदका होता.

शेषेरावांनीही हसत गाजराची एक कांडी उचलली. हात पातेल्यापर्यंत नेला. तो वीतभर वर थांबला.

का थांबला ते त्यांना कळेना. उष्टं झालंय म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण राजकन्येचं अर्धं गाजर आत गेलं तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. प्रीतमच्या टोस्टाकडं त्यांनी लक्षच दिलं नव्हतं. भाकरीचा तो अर्धा तुकडा मात्र त्यांना दिसला होता. पातेल्यात नेमका कुठं बुडाला तेही दिसत होतं. त्यांनी हाताला पुढं जायला सांगितलं. बोटं आपोआप मागं फिरली आणि गाजर बशीच्या कडेला ठेवून मोकळी झाली. जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता, आणि तो आज पहिल्यांदा या घरात आला होता.

त्यांनी मान वर केली. साखराबाई बघत होत्या. चेहऱ्याकडं नाही, हाताकडं. अठरा वर्षं पोरांच्या पंगतीसमोर बसलेल्या बाईला कुठला हात का थांबतो ते विचारावं लागत नव्हतं.

“सरांना पथ्य असंल,” त्या सहज म्हणाल्या. “आमच्या मालकांनाबी शेवटी शेवटी दूध-लोणी समदं बंद होतं.”

“हाव,” शेषेराव म्हणाले. “बंद केलंय.”

गुणाबाईंचा घास तोंडातच राहिला. सकाळीच त्यांनी नवऱ्याला वाटीभर साय साखर घालून दिली होती. त्यांनी शेषेरावांकडं पाहिलं, किती तरी वेळ पाहिलं, आणि चहा टाकते म्हणून उठून आत गेल्या.

पुढं तारखेचं बोलणं निघालं. दिवाळीनंतर, औशातच, असं ठरलं. शेषेराव सगळ्याला हो म्हणत होते. मांडीवर ठेवलेला उजवा हात त्यांनी डाव्यानं झाकला होता.

निघताना प्रीतम रिक्षा आणायला पुढं गेला आणि राजकन्या चप्पल अडकवून त्याच्या मागं धावली. फाटकाशी शेषेराव आणि साखराबाई दोघंच उरले. काहीतरी बोललं पाहिजे म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण बत्तीस वर्षं लिहून दिलेल्या वाक्यांतलं एकही जवळ येईना.

“मनाला लावून घेऊ नका, सर,” साखराबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता; आजारी माणसाला सांगावं तसं त्या सांगत होत्या. “देगलूरला याल, तवा तुमच्यासाठी वाटी येगळी काढून ठीवते मी. कुणाला कळायचं न्हाई.”

रिक्षा आली. त्या बसल्या. शेषेरावांनी नमस्कार केला की नुसतेच उभे राहिले, ते त्यांना नंतर आठवेना.

राजकन्या नाचतच परत आली. दोन पायऱ्या एकदम चढून ओट्यावर पोचली आणि तिथं परतलेल्या बापाला तिनं दंडाला धरून गदागदा हलवलं.

“आईनं खाल्लं, अण्णा. बघितलं का? दोनदा घेतलं. मी सगळा वेळ तिच्याच हाताकडं बघत होते.”

“हाव.”

“तुमच्याकडं तर मी बघितलंच न्हाई. तुमची कसली आलीय काळजी.”

आत गुणाबाई पातेलं घासत होत्या, गरजेपेक्षा जास्त वेळ. शेषेरावांनी ओट्यावरची खुर्ची लेकीसाठी पुढं ओढली.

“बस जरा,” ते म्हणाले.