खांदा हलला की दाबायचं

आठ

मिस्त्रीच्या फोनवर आवाजाचे पंधरा टप्पे होते. करवतीवर लागला त्या वर्षी तो आठवर गाणी ऐकायचा. बाहेर पातं किंचाळायचं, आत गाणं चालायचं, आणि मधे मिस्त्री मजेत फळ्या पाडायचा.

गोदामात पाडलेल्या घरांचं लाकूड यायचं. तुळया, चौकटी, जिन्याच्या पायऱ्या. जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात. लोहचुंबक फिरवलं तरी एखादा त्याला चुकवून बसतोच. पण खिळ्याच्या आसपासचं लाकूड गंजाने कडक झालेलं असतं. पातं तिथं पोचलं की त्याचा सूर केसभर बदलतो. त्या केसभरात पायाखालचा खटका दाबायचा, पातं थांबवायचं.

हे शिकवून येत नाही. मिस्त्रीला यायचं. म्हणून करवत त्याच्याकडे. आणि म्हणूनच करवतीच्या पलीकडे, चिरलेली फळी झेलायला, त्याचा मेहुणा बिनधास्त उभा राहायचा. "दाजींचा कान आहे ना," तो सगळ्यांना सांगायचा, "मला डोळे मिटून उभं करा."

अकरा

स्टोअरच्या खिडकीत एक म्हातारा बसायचा. त्याला सगळे 'काय' म्हणायचे, कारण काहीही बोललं तरी तो आधी तेवढंच म्हणायचा. खिळे मागा, सरस देईल. बावीस वर्षं हीच करवत त्याच्याकडे होती.

रोज सकाळी तो कानांवर चढवायच्या जाड वाट्या खिडकीतून पुढे करायचा. "घाल रे बाबा."

"वाट्या घातल्या तर खिळा कसा ऐकू येणार?"

"काय?"

"काही नाही, आजोबा."

मिस्त्री वाट्या खिडकीतल्याच खुंटीला परत अडकवायचा आणि कानात इअरफोन खुपसायचा. त्याचा हिशोब सरळ होता. भरलेल्या डब्यात दुसरं काही मावत नाही. कानात गाणं काठोकाठ भरलं की मशीनला शिरायला जागाच कुठे? करवतीचा आवाज वाढला की गाणं वाढवायचं. यालाच तो कान सांभाळणं म्हणायचा. गाण्याने कधी कुणाचा कान गेलाय?

वाट्यांमुळे खिळा ऐकू येणार नाही, आणि गाण्यातून मात्र येईल. हे त्याला कधी विचित्र वाटलं नाही.

पंधरा

सोळा नसतो. त्याने बटण दाबून पाहिलं होतं.

घरी बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा भिंत बरी. निदान मान तरी डोलवत नाही." तो मान डोलवायचा. काय बोलणं झालं ते कळलं नाही की मान डोलवणं सोपं पडतं.

आणि शिट्टी. किटलीतून वाफ निघावी तशी बारीक, सरळ, न थांबणारी. करवत बंद झाली की ती सुरू व्हायची. जेवताना, दाढी करताना, बायको बोलत असताना. शिट्टी झाकायची तर गाणं लावायचं. गाण्याने शिट्टी वाढायची. वाढली की पुन्हा गाणं. किटलीचं झाकण उघडायला हात जावा आणि किटली आपल्याच डोक्यात असावी.

मंगळवारी सूर बदलला. तो त्याला ऐकू आला नाही.

पात्याचा एक दात उडाला. मेहुण्याच्या कानाच्या पाळीला चाटून मागच्या भिंतीत शिरला. मेहुण्याने पाळीला हात लावला, बोटावरचं रक्त पाहिलं आणि हसला. "दाजी, कान हवा होता तर मागायचा ना. दिला असता!"

सगळे हसले. मिस्त्रीही हसला. भिंतीतला दात त्याने जेवणाच्या सुट्टीत पकडीने उपटला आणि खिशात टाकला.

शून्य

शुक्रवारी कानांची तपासणी. आवारात गाडी येते, गाडीत एक पेटी असते. पेटी म्हणजे माणूस जेमतेम बसेल एवढी खोली, भिंतींना काळा स्पंज, समोर हातभर काच. दाराची मूठ बाहेरून. आत बसायचं, कानांवर यंत्र लावायचं, टिक ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं.

नापास झालेल्याची करवत जाते. पॅकिंगला बसवतात, खोक्यांना पट्ट्या चिकटवायला. म्हणून गोदामात एक विद्या कानोकानी चालत आलेली होती: खांदा हलला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणारा माणूस टिक वाजवतो तेव्हा त्याचा खांदा हलतो. सगळे खांद्यावर पास होत होते. 'काय'सुद्धा आठ वर्षं खांद्यावर पास झाला होता. मिस्त्री गेल्या वर्षी असाच पास झाला. कागदावर लिहून आलं, कान उत्तम. उत्तम कानाचा माणूस तक्रार तरी कशाची करणार?

या वर्षी तपासायला एक बाई होत्या. दार लागलं. बाहेरचं सगळं गेलं. आणि पेटीभर शिट्टी पसरली.

खांदा हलला. दाबलं.

खांदा. दाबलं.

खांदा. दाबलं.

कानांवरच्या यंत्रातून बाईंचा आवाज आला, भला मोठा. "मिस्त्री, मी अजून काही वाजवलंच नाहीये. खांदा दुखतोय माझा."

त्याने काचेतून पाहिलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. ते जास्त वाईट होतं.

"पुन्हा करू. मी पाठ फिरवते. नाहीतर तुम्ही डोळे मिटा."

दार बाहेरूनच उघडतं. त्याने खिशात हात घातला. पात्याचा दात तिथंच होता, टोकदार. मेहुणा म्हणाला होता, मला डोळे मिटून उभं करा.

मिस्त्रीने डोळे मिटले.

शिट्टी.

शिट्टी.

शिट्टीच्या खाली काहीतरी? दाबलं.

शिट्टी.

कधीतरी बाईंनी दार उघडलं. "दोन्ही कानांत मिळून बावीस वाजवल्या. तुम्ही नऊ दाबल्या."

"गाणी ऐकत होतो. मशीनचा आवाज आत येऊ नये म्हणून."

"मशीन थांबत नाही हो गाण्याने. दोन्ही मिळून आत जातात." त्यांनी लेखणी उचलली. "वाट्या घातल्या की करवतीचा आवाज खाली बसतो. मग आतलं गाणं तीनवर ठेवलं तरी पुरतं. गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते राहील." मग थांबून म्हणाल्या, "नऊ लिहिलं तर करवत जाईल. माहीत आहे ना?"

"पलीकडे मेहुणा उभा असतो."

"म्हणजे?"

"लिहा. नऊ."

तो गाडीतून उतरला. शिट्टीही त्याच्याबरोबर उतरली. गोदामात कुणीतरी करवत सुरू केली होती. त्याचा हात सवयीने इअरफोनकडे गेला, आणि त्याने तो तिथूनच फिरवून स्टोअरच्या खिडकीत पुढे केला.

"आजोबा, वाट्या द्या."

"काय?"

मिस्त्रीने दोन्ही तळहात कानांवर ठेवून दाखवले.

म्हातारा त्याच्याकडे पाहत राहिला. मग उठला.